जागांचा अंदाज, निवडणुकीतील (शहापूर व मुरबाड)

मतदारांचा कल पाहून एखाद्या पक्षाला सभागृहात किती जागा मिळतील, हे मतमोजणीपूर्वी अजमावण्याची रीत. मतदानाआधीची जनमत चाचणी आणि मतदान करून बाहेर पडणाऱ्यांना विचारून केलेला एक्झिट पोल, हे तिचे दोन रूढ आधार होत. भारतात एरिक द कोस्टा यांच्या संस्थेने १९५० च्या दशकात जनमत चाचण्यांची सुरुवात केली. प्रणय रॉय, अशोक लाहिरी आणि डेव्हिड बटलर यांनी १९८० च्या दशकात जागांच्या गणिताला शिस्त आणली.

पद्धत : चाचणीतून मतांची टक्केवारी मिळते, जागा मिळत नाहीत. मागील निवडणुकीच्या तुलनेत पक्षाची मते किती वाढली वा घटली, तो फरक म्हणजे स्विंग. तो सर्व मतदारसंघांना सारखाच लावून कोणती जागा कोणाकडे जाईल हे मोजतात. विरोधी मते एकवटली आहेत की विभागली आहेत, हेही त्यात धरावे लागते. यामागे दोन गृहीतके असतात : स्विंग सर्वत्र सारखा असतो आणि मागच्या वेळचे पक्ष याही वेळी त्याच रूपात उभे असतात.

शहापूर व मुरबाड : ठाणे जिल्ह्यातील हे विधानसभा मतदारसंघ (अनुक्रमे क्र. १३५ व १३९) भिवंडी लोकसभा मतदारसंघात मोडतात. शहापूर अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. २०१४ मध्ये तेथे राष्ट्रवादी काँग्रेसचे पांडुरंग बरोरा यांनी शिवसेनेचे दौलत दरोडा यांना हरवले. २०१९ मध्ये दोघांनी पक्षांची अदलाबदल केली आणि दरोडा राष्ट्रवादीतर्फे निवडून आले. पक्षानुसार हिशेब केला तर राष्ट्रवादीने जागा राखली. माणसांनुसार केला तर विद्यमान आमदार पडला. राष्ट्रवादी फुटल्यानंतर २०२४ मध्ये हेच दोघे तिच्या दोन गटांकडून समोरासमोर आले. अजित पवार गटाचे दरोडा दोन हजारांहून कमी मतांनी विजयी झाले. अशा लढतीत स्विंग कोणत्या पक्षाच्या जुन्या मतांवरून काढायचा, हाच प्रश्न असतो. मुरबाडमध्ये किसन कथोरे २००९ ला राष्ट्रवादीकडून, तर २०१४, २०१९ व २०२४ ला भाजपकडून निवडून आले. मतदारसंघात तालुक्यातील गावपाड्यांबरोबर कुळगाव-बदलापूर शहरही येत असल्याने शहर आणि गाव यांचे नमुने वेगळे घ्यावे लागतात. शिवाय दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात. अशा वेळी पाड्यावर भेटतील तेवढ्यांनाच विचारले, तर नमुना एकांगी होतो.

२०२४ चा अनुभव : लोकसभा निवडणुकीत भिवंडीत तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री कपिल पाटील (भाजप) यांचा राष्ट्रवादी (शरद पवार) चे सुरेश म्हात्रे यांनी ६६ हजारांहून अधिक मतांनी पराभव केला. अपक्ष नीलेश सांबरे यांनी दोन लाखांहून अधिक मते घेतली. राज्यात दोन्ही आघाड्यांच्या मतांत जेमतेम एका टक्क्याच्या आतबाहेर अंतर असताना ४८ पैकी महाविकास आघाडीला (शरद पवार गट हिच्यात) ३० आणि महायुतीला (भाजप व अजित पवार गट हिच्यात) १७ जागा मिळाल्या. बहुतेक एक्झिट पोलनी महायुती इतकी मागे पडेल असे सांगितले नव्हते. सहाच महिन्यांनी विधानसभेत बहुतेकांनी महायुतीकडे कल दाखवला, तरी तिला मिळालेल्या २८८ पैकी २३० जागांचा आकडा त्या पोलच्या कमाल मर्यादेपलीकडे गेला.

कायदा : लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२६-अ नुसार मतदान सुरू झाल्यापासून शेवटचा टप्पा संपून अर्धा तास होईपर्यंत एक्झिट पोल घेण्यास व प्रसिद्ध करण्यास बंदी आहे. म्हणूनच भिवंडीत २० मे २०२४ रोजी मतदान होऊनही त्याचे अंदाज १ जूनच्या संध्याकाळी बाहेर आले.

मर्यादा : एका मतदारसंघातील चूक दुसऱ्यातील उलट चुकीने भरून निघते, म्हणून राज्याचा आकडा एकेका जागेच्या भाकितापेक्षा अधिक भरवशाचा ठरतो. मात्र सर्व चुका एकाच दिशेने झुकल्या की ही भरपाई होत नाही. त्यामुळे अंदाज एका आकड्यात न देता किमान व कमाल अशा पट्ट्यात देतात. शहापूरसारख्या निसटत्या लढती जितक्या जास्त, तितका हा पट्टा रुंद ठेवावा लागतो.