मुलांच्या केसांतील पांढरे कण: उवा, कोंडा की बुरशी?

मुलीची वेणी घालताना केसांत पांढरे कण दिसले की बहुतेक घरांत लगेच उवांचे औषध आणले जाते. पण प्रत्येक पांढरा कण म्हणजे लीख नव्हे. चुकीच्या औषधाने खरा आजार लांबतो. म्हणून आधी चांगल्या उजेडात एक कण चिमटीत धरून केसावरून सरकवून पाहा.

कण सरकत नाही: लीख
लिखा केसाला घट्ट चिकटलेल्या असतात. कानांमागे व मानेजवळ त्या जास्त दिसतात. मात्र नुसत्या लिखा दिसल्या म्हणून औषध लावू नका. त्या रिकाम्याही असू शकतात. ओल्या केसांना कंडिशनर लावून बारीक दातांच्या फणीने विंचरा. जिवंत ऊ सापडली तर १ टक्का परमेथ्रिन लोशन धुतलेल्या, किंचित ओलसर केसांना १० मिनिटे लावून धुवा. अंडी वाचू शकतात, म्हणून ७ ते १० दिवसांनी पुन्हा लावा. घरातील सर्वांचे केस तपासा. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळाला हे औषध लावू नका. रॉकेल कधीही वापरू नका. त्वचा भाजते, पेट घेण्याचाही धोका असतो.

उवा डोक्याला डोके लागल्याने पसरतात. त्याचा अस्वच्छतेशी संबंध नाही. मुलांना रागावू नका.

कण झटकल्यावर पडतो: कोंडा
सौम्य शाम्पूने नियमित केस धुवा. फरक न पडल्यास औषधी शाम्पूबद्दल डॉक्टरांना विचारा.

कण केसावरून सहज सरकतो
केसाभोवतीची ही पांढरी नळी निरुपद्रवी असते. वेण्या फार घट्ट घालू नका.

खपल्यांसोबत केस गळतात: बुरशीचा संसर्ग
एखाद्या जागी केस विरळ होणे, मुळाशी तुटलेल्या केसांचे काळे ठिपके, मानेत गाठी ही याची लक्षणे आहेत. यावर नुसते मलम पुरत नाही. काही आठवडे पोटातून औषध घ्यावे लागते. दुकानातून स्टेरॉइडचे मलम आणून लावू नका. उशीर झाल्यास त्या जागचे केस कायमचे जाऊ शकतात.

डॉक्टरांकडे कधी जावे?
टक्कल पडू लागल्यास, पू किंवा सुजलेली मऊ गाठ दिसल्यास, ताप आल्यास, किंवा औषध दोनदा लावूनही जिवंत उवा सापडत असल्यास मुलाला डॉक्टरांना दाखवा.