सालारजंग संग्रहालयातला एक प्रश्न

मराठवाड्यातल्या शाळांची सहल हैदराबादला गेली की चारमिनार, गोवळकोंडा आणि सालारजंग संग्रहालय हा कार्यक्रम ठरलेला. नववीच्या मुलांना घेऊन मीही गेलो होतो. मुलांनी आधी गर्दी केली ती तासातासाला टोले देणाऱ्या घड्याळापुढे. तिथून शस्त्रांचं दालन. एका मुलाने विचारलं, "सर, यातली आपली तलवार कोणती आणि त्यांची कोणती?"

प्रश्न निरागस होता. पण त्याच्या 'आपल्या'मध्ये त्याचे हे मुसलमान सर येतात की नाही, हे मला कळेना.

ज्यांच्या संग्रहातून हे संग्रहालय उभं राहिलं ते तिसरे सालारजंग, मीर यूसुफ अली खान, १८८९ साली पुण्यात जन्मले. १९१२ ते १९१४ ते निजामाचे दिवाण होते. नंतरचं आयुष्य त्यांनी वस्तू आणि ग्रंथ जमवण्यात घालवलं. ते अविवाहित होते. १९४९ मध्ये वारले तेव्हा थेट वारस नव्हता. १६ डिसेंबर १९५१ रोजी त्यांच्या दिवाण देवडीत पंडित नेहरूंच्या हस्ते संग्रहालय खुलं झालं. १९६१ मध्ये संसदेने कायदा करून त्याला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरवलं. १९६८ पासून ते मुसी नदीकाठच्या इमारतीत आहे.

म्हणजे एका नवाबाचा संग्रह आज देशाच्या मालकीचा आहे. आणि मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. आपलं अजिंठा गावसुद्धा सालारजंग घराण्याच्या जहागिरीत होतं. या श्रीमंतीत आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या घामाचाही वाटा आहे. नवाबाचं कौतुक करताना हेही मुलांना सांगायला हवं.

मी त्या मुलाला बिदरी कामाच्या दालनात नेलं. जस्त आणि तांब्याचं भांडं ओततात, त्यावर नक्षी कोरून चांदीची तार ठोकून बसवतात. मग बिदरच्या जुन्या किल्ल्यातली माती नवसागरात मिसळून ते उकळत्या पाण्यात घालतात. धातू काळा पडतो, चांदी मात्र तशीच चमकते. नक्षीकामात इराणची छाप, माती बिदरची, हात दख्खनचे. मी त्याला म्हणालो, "आता यातलं आपलं किती आणि त्यांचं किती, तूच वेगळं करून दाखव."

तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "सर, हे बनवलं कुणी? नाव कुठे लिहिलंय?"

नाव नव्हतं. जमवणाऱ्याचं नाव दारावर आहे, घडवणाऱ्याचं कुठेच नाही. मला वाटतं, त्या दिवशी त्याने इतिहासाचा खरा प्रश्न विचारला. तलवार कुणाची, हे विचारायला शिकवणारे पुष्कळ आहेत. ती कुणी घडवली, कुणाच्या पैशाने घेतली आणि इथवर कशी आली, हे विचारायला आपण शिकवलं, तर सहलीचा खर्च वाया गेला असं म्हणता येणार नाही.