परवलीचा शब्द : गडावरचा आणि संगणकांतला

रात्रीच्या पहाऱ्यावरील शिपाई समोरून येणाऱ्यास परवल विचारी. शब्द जुळला तरच वाट मोकळी होई. संगणकाच्या ‘पासवर्ड’ला मराठींत परवलीचा शब्द म्हणतात, तें यावरूनच. तथापि गडाची भिस्त केवळ परवलीवर नसे. १६९७ च्या सुमारास लिहिलेल्या सभासद बखरींत शिवछत्रपतींच्या किल्ल्यांची व्यवस्था वर्णिली आहे. गडावर हवालदार, सरनौबत व सबनीस हे तिघे समान दर्जाचे असून त्यांनीं एकविचारानें कारभार करावा, असा नियम होता. हेतु हा कीं, एक फितूर झाला तरी गड शत्रूच्या हातीं जाऊं नये.

संगणकाला हें शहाणपण ठेच लागून आलें. १९६१ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठांत फर्नांडो कॉर्बाटो यांनीं अनेकांनीं एकच यंत्र वापरण्याची योजना दाखविली. एकाचीं टिपणें दुसऱ्यानें पाहूं नयेत म्हणून तींत प्रत्येकाला परवलीचा शब्द मिळाला. परंतु सगळे शब्द एका यादींत उघडे लिहिलेले होते. १९६६ सालीं दोन फायलींची अदलाबदल झाली आणि रोजच्या सूचनेऐवजीं ती यादीच प्रत्येकापुढें छापून आली!

पुढें युनिक्स प्रणालीनें मूळ शब्द साठविणें सोडलें. शब्दावर गणिती क्रिया करून उरणारी खूण तेवढी ती जपून ठेवी. त्या क्रियेंत प्रत्येकासाठीं निराळे, सहजगत्या निवडलेले अंक मिसळण्याची रीत रॉबर्ट मॉरिस व केन टॉमसन यांनीं १९७९ सालच्या निबंधांत सांगितली. त्यामुळें दोघांचा शब्द एकच असला तरी खुणा बहुधा भिन्न होतात. १९९१ सालीं लिनस टॉरवाल्ड्स यांनीं आरंभिलेल्या लिनक्सनें हीच परंपरा पुढें चालविली.

म्हणूनच परभणी, सेलू वा जिंतूर येथील एखाद्या घरांत जुन्या संगणकावर लिनक्स बसवूं लागतांच तो वापरणाऱ्याचें नांव व परवलीचा शब्द मागतो. आंत ‘रूट’ नांवाचा सर्वाधिकारी असतोच. पण नित्याचें काम साध्या खात्यांतून करावें व मोठ्या फेरफारापुरताच, शब्द पुन्हां देऊन, त्याचा अधिकार घ्यावा, असा संकेत आहे. घरांतील प्रत्येकाचें खातें वेगळें असलें, म्हणजे मुलाच्या खेळांत आजोबांचे हिशेब पुसले जात नाहींत.

मात्र एक सावधगिरी हवी. परवल दरवाजा राखते, तट नव्हे. चोरानें तबकडीच काढून दुसऱ्या यंत्राला जोडली, तर आंतील कागद त्याला वाचतां येतात. तें टाळावयाचें तर संपूर्ण तबकडी सांकेतिक लिपींत ठेवण्याचा पर्याय लिनक्स बसवितांनाच निवडावा. आणि तो शब्द मग कधींही विसरूं नये, कारण तो यंत्रालाही सांगतां येत नाहीं.