आडवा वेग

भातकुलीत गावाचा इतिहास विचारला की सांगणारा थेट रुक्मीपासून सुरुवात करतो. कृष्णाकडून हरल्यावर त्याने कुंडिनपुरात पुन्हा पाऊल ठेवलं नाही, इथंच भोजकट नगर वसवलं, अशी आख्यायिका आहे. मला ज्याचा इतिहास सांगायचाय ते इतकं जुनं नाही. ते १९६९ सालापासूनचं आहे आणि सुरू झालं ते अमेरिकेतल्या एका शाळेत. संगणकातल्या चंद्रावर यान उतरवायचा खेळ. खेळ म्हणून लोक त्याला बाजूला सारतात, मला ते पटत नाही. चांद्रयान कसं पडलं आणि पुढे कसं उतरलं, हे मला त्या खेळानेच समजावलं.

तहसीलच्या रस्त्यावर माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. दिवसभर पीकविमा, सातबारा, उत्पन्नाचे दाखले, निकालांच्या प्रिंटा. रात्री शटर अर्धं ओढलं की त्याच संगणकावर मी ‘केर्बल स्पेस प्रोग्रॅम’ लावतो. २०१६ साली अमरावतीला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या भाच्याने तो घेऊन दिला. त्यात केर्बिन नावाचा ग्रह आणि मुन नावाचा त्याचा चंद्र. मुनची त्रिज्या अवघी २०० किलोमीटर, आपल्या चंद्राची सतराशेच्या वर. पण पृष्ठभागावरची ओढ जवळपास तेवढीच. हवा अजिबात नाही, म्हणून पॅराशूट कामाचं नाही. उतरायचं ते इंजिनाच्याच जिवावर.

पहिल्या रात्री माझं यान मुनभोवती चौदा किलोमीटर उंचीवर फिरत होतं. मी उतरायला घेतलं. नाक वर, इंजिन खाली, नजर उंचीच्या आकड्यावर. उंची कमी होत होती, म्हणजे सगळं बरोबर चाललंय असं मी धरलं. यान एका टेकडीच्या कुशीत आदळून फुटलं. फुटताना ते पडत नव्हतंच, आडवं धावत होतं. त्या उंचीवर फिरणाऱ्या यानाचा वेग सेकंदाला साडेपाचशे मीटर असतो, म्हणजे अमरावतीहून निघालं तर तीन मिनिटांत अकोला. त्या वेगाला मी हातच लावला नव्हता.

बाबा मागे खुर्चीवर बसून पाहत होते. त्यांनी तीसेक वर्षं बैलगाडीने कापूस वाहिला. आमचा हा भाग पूर्णेच्या खोऱ्यातला, खारपाणपट्ट्यातला. जमीन काळी, सपाट, पण मधे नाले आहेत, आणि भरल्या गाडीने नाल्यात उतरणं हे गाडीवानाचं खरं काम. ते म्हणाले, “उताराले गाडी सोडली का बैलाइच्या अंगावर येते. आगुदर धरा लागते, मंग उतरा लागते.”

ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. या खेळाचं मागचं काय काय सापडतं ते वाचत गेलो, तेव्हा दिसलं की जो वेग आधी धरायचा असतो, तो आडवा वेग चंद्रावर उतरवायच्या खेळांत सुरुवातीला नव्हताच. तो मागाहून आला.

नील आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरला तेव्हा आपल्या घड्याळात २१ जुलै १९६९च्या रात्रीचे पावणेदोन वाजले होते. त्याच्या यानाचा संगणक त्याला मोठमोठे दगड पडलेल्या एका खड्ड्याकडे घेऊन चालला होता. त्याने सुकाणू हातात घेतलं, यान आडवं पुढे नेलं, दगड ओलांडले आणि सपाट जागा पाहून बसवलं. टाकीत तोवर फारच थोडं इंधन राहिलं होतं. हा हात त्याला सरावाने आला होता. पृथ्वीवर त्यासाठी एक विचित्र उडतं यंत्र बनवलं होतं, आणि ६ मे १९६८ रोजी त्याच यंत्राचा ताबा सुटल्यावर त्याला पॅराशूटने बाहेर पडावं लागलं होतं. असा सराव जगात मोजक्या माणसांना मिळाला.

१९६९च्याच शरद ऋतूत मॅसॅच्युसेट्समधल्या लेक्सिंग्टन हायस्कूलच्या जिम स्टोरर नावाच्या विद्यार्थ्याने तो सराव सगळ्यांसाठी खुला केला. शाळेला पीडीपी-८ संगणक वापरायला मिळत होता. पडदा नाही, चित्र नाही, टेलिटाइपवर कागदावर आकडे छापून यायचे. उंची १२० मैल, वेग ताशी ३६०० मैल, म्हणजे सेकंदाला बरोबर एक मैल. काही केलं नाही तर दोन मिनिटांत आदळणार. इंधन सोळा हजार पौंड, यानाच्या एकूण वजनाच्या जवळपास निम्मं. दर दहा सेकंदांनी यंत्र विचारणार, किती जाळू? उत्तर शून्य, नाहीतर सेकंदाला ८ ते २०० पौंडांमधलं काहीही.

मी तो खेळ कागद-पेन्सिल घेऊन खेळलो आहे. त्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट म्हणजे यानाचं वजन. इंधन जळतं तसं यान हलकं होतं, आणि सुरुवातीला ज्या जोराने ते जेमतेम थोपत होतं, त्याच जोराने शेवटी ते वर उसळू लागतं. भरली गाडी आणि रिकामी गाडी एकाच हाताने हाकता येत नाही. एका शाळकरी मुलाने हे गणितात बसवलं होतं, आणि तेही चंद्रावर माणूस उतरला त्याच वर्षी.

त्या गणितात एक चूक राहून गेली होती. दहा सेकंदांच्या एका टप्प्यातच यान खाली येता येता वर वळलं, तर ते सगळ्यात खाली नेमकं केव्हा होतं हे काढायचं सूत्र आहे. त्यात दोनने भागायचं राहिलं. साधं खेळणाऱ्याला ते कधी जाणवलं नाही. डेव्हिड अहल यांनी हा खेळ बेसिक भाषेत आणला, १९७३च्या त्यांच्या खेळांच्या पुस्तकात छापला, आणि तिथून तो असंख्य संगणकांवर टाइप केला गेला. ती चूक पकडली मार्टिन सी. मार्टिन यांनी, २०२४ साली. कमीत कमी इंधनात कसं उतरायचं हे ते काटेकोर काढत होते आणि आकडे जुळेनात. पंचावन्न वर्षं! मी दिवसभर लोकांच्या फॉर्मवरचे आकडे तपासतो, म्हणून मला हा प्रसंग फार जवळचा वाटतो. जो शेवटच्या मीटरपर्यंत जातो, त्यालाच अशी चूक सापडते.

पण स्टोररचं यान विहिरीत सोडलेल्या बादलीसारखं सरळ खाली यायचं. त्याला आडवं जाताच येत नव्हतं. आडवा वेग आला १९७३मध्ये, जॅक बर्नेस यांच्या खेळात. डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या जीटी-४० या नव्या पडद्यावर काय काय करता येतं ते दाखवायला तो बनवला होता. प्रकाशरेषांनी काढलेले डोंगर, आणि हातात लाइट पेन. त्या पेनने यान तिरपं करायचं, जोर कमीजास्त करायचा. बर्नेस यांनी त्या चंद्रावर एका जागी मॅकडोनाल्डचं दुकान ठेवलं होतं, तिथं नीट उतरलं तर अंतराळवीर चालत जाऊन खाणं मागवायचा. ज्याने हे शोधलं त्याला किती आनंद झाला असेल!

१९७९मध्ये अटारीने ‘लुनार लँडर’ नावाने हाच खेळ नाण्यावर चालणाऱ्या पेटीत आणला. नाणं टाकलं की इंधन मिळायचं. पडद्याच्या कोपऱ्यात उभा वेग आणि आडवा वेग वेगवेगळे दाखवायचे. बाबांचं वाक्य त्या दोन ओळींत लिहिलेलं होतं. अशा जवळपास पाच हजार पेट्या बनल्या.

तरीही या सगळ्या खेळांत यान आधीच चंद्राजवळ पोचलेलं असायचं. ते तिथं कसं पोचलं आणि एवढा वेग त्याच्या अंगात कुठून आला, हे कुणी विचारत नव्हतं. २००० साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या मार्टिन श्वायगर यांनी ‘ऑर्बिटर’ फुकट उपलब्ध करून दिला, त्यात खरी सूर्यमाला आणि खरी कक्षा होती. आणि २०११च्या जूनमध्ये मेक्सिको सिटीतल्या स्क्वाड नावाच्या कंपनीने केर्बलची पहिली आवृत्ती दिली. ती कंपनी मुळात जाहिरातीची कामं करणारी. तिथल्या फेलिपे फालांगे यांनी हा खेळ कल्पिला. किशोरवयात ते फटाक्यांना पातळ पत्र्याच्या बाहुल्या बांधून उडवायचे, त्या बाहुल्यांचं नाव केर्बल. आता यान स्वतः बांधायचं, जमिनीवरून उडवायचं, कक्षेत न्यायचं. जो आडवा वेग उतरताना मारायचा, तो आधी आपणच कमवायचा. मला इथं तो पहिल्यांदा कळला.

उतरताना काय करायचं ते आता हातात बसलं आहे. पडद्यावरच्या दिशा दाखवणाऱ्या गोळ्यावर रिट्रोग्रेडच्या, म्हणजे उलट दिशेच्या, खुणेवर नाक ठेवायचं, म्हणजे इंजिन जाण्याच्या दिशेला तोंड करतं. आधी आडवा वेग मारायचा, मग उभा. ब्रेक जितका उशिरा तितकं इंधन वाचतं, आणि अगदी शेवटच्या क्षणी लावला तर त्याला खेळणारे सुसाइड बर्न म्हणतात. मी तो करत नाही. यान उंच बांधलं तर कडब्याच्या गाडीसारखं कलंडतं, म्हणून पाय रुंद ठेवतो. आणि जागा पाहतो, खड्ड्याचा काठ नाही, भातकुलीच्या शिवारासारखी सपाट. खड्डा काय असतो हे आम्हा वऱ्हाडातल्या लोकांना पाहायला दूर जावं लागत नाही. बुलढाण्यातलं लोणार बेसाल्टच्या खडकात उल्का आदळून झालं, आणि चंद्राची काळी मैदानंही बेसाल्टचीच.

६ सप्टेंबर २०१९ला आमच्याकडे महालक्ष्म्यांचं जेवण होतं. पुरण, आंबील, कढी, सोळा भाज्यांची भाजी, घर पाहुण्यांनी भरलेलं. रात्री दीडला बाबा, भाचा आणि मी चांद्रयान-२चं उतरणं पाहायला टीव्हीसमोर. चंद्र आमच्या गावावरून केव्हाच मावळला होता. ३० किलोमीटर उंचीवर त्याच्या विक्रम या उतरणाऱ्या यानाचा वेग सेकंदाला जवळपास १.६८ किलोमीटर, म्हणजे अमरावती ते अकोला एका मिनिटात. पडद्यावर लाल रेघ ठरलेल्या वाटेची, हिरवा ठिपका खऱ्या यानाचा. पहिला टप्पा नीट झाला. मग ठिपका रेघेवरून हलला. भाचा उठून उभा राहिला. २.१ किलोमीटरवर संपर्क तुटला.

बाबा म्हणाले, “धरली नाई का?”

मी म्हटलं, “धरली. जास्त धरली.”

ते मला पुढे इस्रोच्या खुलाशातून नीट कळलं. पाचही इंजिनांनी हिशेबापेक्षा जास्त जोर दिला आणि चुका साचत गेल्या. त्या भरून काढायला यानाला पटकन वळायला हवं होतं, पण वळायच्या वेगाला मर्यादा घातलेली. वर उतरायची जागा ५०० मीटर बाय ५०० मीटर एवढीच, ती गाठायला त्याला वेग वाढवावा लागला. खेळात माझी अशी शेकडो यानं गेली आहेत. एफ-नाइनचं बटण दाबलं की मी परत चौदा किलोमीटरवर. विक्रमला ते बटण नव्हतं, आणि त्याच्या आत आर्मस्ट्राँगही नव्हता. शेवटची पंधरा मिनिटं ते स्वतःच्या बुद्धीने उडत होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

चांद्रयान-३मध्ये इंजिनं चार केली, पाय भक्कम केले, वेग मोजायला लेझरचं उपकरण दिलं, उतरायची जागा ४ बाय २.४ किलोमीटर केली. काय बरोबर होईल याच्याऐवजी काय काय बिघडेल हे आधी धरून यान बांधलं. २३ ऑगस्ट २०२३ला संध्याकाळी दुकानात वीसेक माणसं होती, पीकविम्याचे कागद हातात तसेच. ८०० मीटर, १५० मीटर. तिथं ते थांबून जागा पाहतंय, हे मी सगळ्यांना सांगत होतो. बोलता बोलता आवाज बसला. सहा वाजून चार मिनिटांनी ते उतरलं. आडवा वेग शून्याजवळचा.

त्यानंतर ३ सप्टेंबरला इस्रोने विक्रमची इंजिनं पुन्हा पेटवली. यान ४० सेंटिमीटर वर उठलं आणि थोडं बाजूला जाऊन बसलं. बाबांना मोबाइलवर दाखवलं.

“बसलेली गाडी परत काऊन उचलली?”

“पुढं कधी तिकडून परत यायचंय, म्हणून उचलून पाहिली.”

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे परतीचा चारा इकडूनच भरून न्या लागते.”

पुढच्या वर्षी, सप्टेंबर २०२४मध्ये, चंद्रावरची माती घेऊन परत येणाऱ्या चांद्रयान-४ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. पण मी बाबा हे बोलले त्याच रात्री, शटर ओढल्यावर, यानाला एक टाकी जास्त जोडली. वजन वाढलं, आडवा वेग मारायला आधीपासून ब्रेक लावावे लागले, आणि बाबा मागच्या खुर्चीवरून आकडे वाचत होते. पाचशे. तीनशे. ऐंशी. चार.