डॉट इन : आखूड पत्ता आणि विश्वासाचा प्रश्न

इंटरनेटवर प्रत्येक देशाला दोन अक्षरांचा संकेत असतो. भारताचा ‘डॉट इन’, ब्रिटनचा ‘डॉट यूके’, ऑस्ट्रेलियाचा ‘डॉट एयू’. या संकेताच्या आधी थेट स्वतःचे नाव लावू द्यावे, की मध्ये ‘को’, ‘ऑर्ग’, ‘एसी’ असा संस्थेचा वर्ग सांगणारा टप्पा ठेवावा, यावर अनेक देशांत दीर्घ वाद झाला. भारताने २००५ मध्ये आखूड नावांच्या बाजूने निर्णय घेतला. त्यानंतर वीस वर्षांनी, २०२५ मध्ये, रिझर्व्ह बँकेने देशातील बँकांसाठी मधला टप्पा पुन्हा आणला. नाव लहान करताना त्यातून कोणती माहिती गळून पडते आणि तिची हमी कोण देतो, हा या वादाचा गाभा आहे.

पत्त्याची रचना

म्हैसूरच्या नजरबाद भागातील एखाद्या दुकानाला परदेशातून पत्र आले, तर टपाल खाते पत्ता शेवटाकडून वाचते. आधी देश, मग राज्य, मग शहर, त्यानंतर नजरबाद आणि अखेरीस दुकान. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी आखलेली डोमेन नावांची पद्धतही अशीच उजवीकडून डावीकडे वाचली जाते. प्रत्येक टिंबापाशी एक टप्पा संपतो आणि त्या टप्प्याचा व्यवस्थापक आपल्या खालची नावे कोणाला द्यायची हे ठरवतो.

त्यामुळे मधला टप्पा हा केवळ लांबी वाढविणारा शब्द नसतो. त्या जागी तपासणीचा नाका उभा करता येतो. म्हैसूर जिल्हा प्रशासनाच्या पत्त्यात ‘डॉट इन’च्या आधी ‘एनआयसी’ ही अक्षरे येतात. हा विभाग राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे असल्याने ते स्थळ सरकारी असल्याचे पत्त्यावरूनच कळते. शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ रोजी मैसुरू झाले, तरी या पत्त्यात जुन्या इंग्रजी स्पेलिंगचेच नाव राहिले. एकदा रुळलेला पत्ता सहजासहजी बदलत नाही. म्हणूनच आखूड नावे आणणाऱ्या देशांनी सहसा जुनी लांब नावे रद्द केली नाहीत. दोन्ही शेजारी शेजारी ठेवली.

जुहूपासूनची वाटचाल

‘डॉट इन’ हा संकेत ८ मे १९८९ रोजी भारताच्या नावे नोंदला गेला. त्याचे काम मुंबईत जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे होते. ही संस्था पुढे पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकमध्ये विलीन झाली. सर्वसामान्यांना इंटरनेट जोडणी १५ ऑगस्ट १९९५ पासून विदेश संचार निगममार्फत मिळू लागली. त्यापूर्वी जाळे मुख्यतः शिक्षण आणि संशोधन संस्थांपुरते होते.

या काळात नावे वर्गवार दिली जात. ‘को.इन’ नोंदणीकृत कंपन्या, बँका व व्यापारचिन्हांसाठी, ‘फर्म.इन’ दुकाने व भागीदारी संस्थांसाठी, ‘नेट.इन’ इंटरनेट सेवा देणाऱ्यांसाठी, ‘ऑर्ग.इन’ नफा न कमावणाऱ्या संस्थांसाठी, तर ‘इंड.इन’ व्यक्तींसाठी होते. ‘एसी.इन’ आणि ‘गव्ह.इन’ अनुक्रमे शैक्षणिक आणि सरकारी संस्थांना राखीव होते. पत्ता पाहताच धारकाचे स्वरूप समजे, हा या पद्धतीचा गुण होता. मात्र वर्गवारी आणि पात्रतेच्या अटींमुळे नोंदणीचा वेग फारच कमी राहिला. २००५ पूर्वी ‘डॉट इन’खाली सुमारे ७,००० नावेच होती. बहुतेक भारतीय उद्योगांनी ‘डॉट कॉम’ची वाट धरली होती.

वादाच्या दोन बाजू

आखूड नावांच्या समर्थकांचा युक्तिवाद सरळ होता. छोटा पत्ता लक्षात राहतो, फोनवर सांगता येतो, पाटीवर मावतो. शिवाय नोंदणी सोपी केली नाही तर देशाचा संकेत वापरलाच जाणार नाही.

विरोधी बाजूचे आक्षेपही तितकेच ठोस होते. ज्याने वर्षानुवर्षे ‘को.इन’वर व्यवसाय उभारला, त्याला स्वतःचेच नाव दुसऱ्यांदा विकत घ्यावे लागते. ‘को.इन’ एकाकडे, ‘ऑर्ग.इन’ दुसऱ्याकडे असेल, तर दोघांच्या सामाईक नावाचे आखूड रूप कोणाला द्यायचे, हा पेच उभा राहतो. आणि नाव अडवून ठेवून चढ्या किमतीला विकणाऱ्यांना नवे मैदान मिळते.

ही भीती काल्पनिक नव्हती. प्रसिद्ध नावाशी मिळत्याजुळत्या पत्त्यावरून ‘याहू’ने आणलेला दावा १९९९ मध्येच दिल्ली उच्च न्यायालयासमोर आला होता. सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्युशन्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मे २००४ मध्ये डोमेन नावालाही व्यापारचिन्हाप्रमाणे संरक्षण मिळू शकते, असा निर्णय दिला.

२००५ चा निर्णय

या पार्श्वभूमीवर केंद्र सरकारने ऑक्टोबर २००४ मध्ये ‘डॉट इन’चे नवे धोरण जाहीर केले. व्यवस्थापन नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजे ‘निक्सी’ या ना-नफा संस्थेकडे गेले. जानेवारी २००५ मध्ये व्यापारचिन्हधारकांना प्राधान्याने नोंदणीची संधी मिळाली. १६ फेब्रुवारी २००५ पासून ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ या तत्त्वावर नावे सर्वांसाठी खुली झाली. ‘को.इन’सारखे जुने विभाग कायम राहिले, पण त्यांच्यावरील पात्रतेच्या अटी उठल्या. सरकारी, लष्करी आणि शैक्षणिक विभाग राखीवच राहिले.

त्याच वर्षी तंट्यांसाठी स्वतंत्र धोरण लागू झाले. त्यानुसार तक्रारदाराला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: नाव आपल्या नावाशी किंवा चिन्हाशी गोंधळ होण्याइतके मिळतेजुळते आहे, धारकाला त्यावर कायदेशीर हक्क नाही, आणि ते वाईट हेतूने नोंदले किंवा वापरले गेले आहे. निवाडा लवादामार्फत होतो. म्हणजे नाव देण्यापूर्वीची तपासणी गेली आणि तिची जागा नाव दिल्यानंतरच्या तक्रारीने घेतली. नोंदणीचा आकडा मार्च २०१० पर्यंत सुमारे ६ लाख १० हजारांवर पोहोचला.

इतर देशांचे मार्ग

एकच नाव अनेकांना हवे असेल तर पहिला हक्क कोणाचा, याची उत्तरे देशागणिक वेगळी निघाली. ब्रिटनमध्ये पहिला प्रस्ताव विरोधामुळे मागे पडला. १० जून २०१४ रोजी थेट ‘डॉट यूके’ नावे सुरू झाली, तेव्हा जुन्या धारकांसाठी ती पाच वर्षे राखून ठेवण्यात आली. न्यूझीलंडने सप्टेंबर २०१४ मध्ये तसेच पाऊल उचलले. ऑस्ट्रेलियाने २४ मार्च २०२२ रोजी थेट नावे आणली आणि जुन्या धारकांना सुमारे सहा महिन्यांचे प्राधान्य दिले. समान प्राधान्याचे दोन दावेदार असतील, तर त्यांनी आपसांत तडजोड करावी, असा तेथील नियम आहे. भारताने व्यापारचिन्हाला झुकते माप दिले. चिन्ह न नोंदविलेल्या छोट्या दुकानदाराला या पद्धतीत आगाऊ संरक्षण नव्हते.

मधल्या टप्प्याचे पुनरागमन

बनावट संकेतस्थळांवरून होणाऱ्या फसवणुकीमुळे जुना प्रश्न पुन्हा पुढे आला. ७ फेब्रुवारी २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांसाठी ‘बँक.इन’ हा स्वतंत्र विभाग जाहीर केला. त्याची नोंदणी हैदराबादच्या बँकिंग तंत्रज्ञान विकास व संशोधन संस्थेकडे सोपविण्यात आली आणि स्थलांतरासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत देण्यात आली. नागरी आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाही या आदेशात आल्या.

महाराष्ट्राच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. देशातील सर्वाधिक नागरी सहकारी बँका याच राज्यात असून ‘जनता’, ‘नागरिक’, ‘अर्बन’ यांसारखे शब्द अनेक बँकांच्या नावांत येतात. खुल्या नोंदणीत अशा नावाशी जुळणारा पत्ता कोणीही घेऊ शकतो. राखीव विभागात मात्र परवानाधारक बँकेलाच प्रवेश आहे.

अर्थात ठेवीदाराने पत्ता नीट वाचला, तरच या हमीचा उपयोग. ‘बँक.इन’ ही अक्षरे पत्त्याच्या उजव्या टोकाला, पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधी असावी लागतात. तीच अक्षरे मधे कुठेतरी असून शेवटी ‘डॉट कॉम’ असेल, तर ते स्थळ या विभागातले नव्हे.

देवनागरीतील ‘डॉट भारत’ २७ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झाले. मराठी आणि कोकणीसह आठ भाषांना त्याचा लाभ मिळाला. तेथेही रोमन लिपीत नाव असलेल्या संस्थेचा देवनागरी नावावर आपोआप हक्क असावा का, हा प्रश्न येतोच. आखूड नाव बोलायला सोपे असते, पण धारकाविषयी ते फारसे सांगत नाही. रोजच्या व्यापाराला तेवढे पुरते. पैसा, शिक्षण आणि शासन यांच्या पत्त्यांत मात्र भारताने लांब नावाची हमी अखेर कायम ठेवली आहे.