गोतसभा, राजीनामा आणि संमतीचा प्रश्न

मराठा अमदानीत गावाचे दोन भाग मानले जात : शेतजमिनीची 'काळी' आणि वस्तीची 'पांढरी'. पांढरीतील घरे, वाटा, पाणवठे आणि मानपान एकमेकांत इतके गुंतलेले असत की तेथे उद्भवलेला तंटा दोन घरांपुरता क्वचितच राही. असे तंटे मिटविण्याचे काम मुख्यतः गोतसभेकडे असे. या संस्थेचे स्वरूप वि. त्र्यं. गुणे यांच्या मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरील ग्रंथाने १९५३ साली विस्ताराने पुढे आणले. प्रस्तुत विवेचन तिच्या एकाच अंगापुरते, म्हणजे उभय पक्षांच्या संमतीपुरते, मर्यादित आहे.

'गोत' हा शब्द संस्कृत 'गोत्र' शब्दापासून आला असून त्याचा मूळ अर्थ कुळ असा आहे. मराठाकालीन कागदपत्रांत मात्र पाटील, कुलकर्णी, मिरासदार आणि बलुतेदार हे सारेच गोतात येतात. रक्ताच्या नात्याचा वाचक शब्द सहवासाच्या नात्याला लागू झाला, ही अर्थविस्ताराची घटना लक्षणीय होय. महजरांवर पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा अशा निशाण्या आढळतात. निवाड्याचे साक्षीदार आणि वादी-प्रतिवादी यांना पुढेही त्याच पांढरीत नांदावयाचे असे.

वादाचे कामकाज ठरावीक क्रमाने चाले. अग्रवादी व पश्चिमवादी आपापल्या तकरिरी देत. सभेचा निर्णय मान्य करू अशा आशयाचा राजीनामा आणि त्याच्या पालनासाठी जामीनकतबा उभयतांकडून घेतला जाई. स्थानिक गोत पक्षपाती वाटल्यास परस्थळाची मागणी करता येई. साक्षी-पुराव्याने निर्णय न झाल्यास प्रसंगी दिव्याचा अवलंब होई. अखेरीस हरलेला पक्ष यजितखत लिहून देई. जिंकणाऱ्याकडून हरकी व शेरणी आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी वसूल केली जाई. यावरून हे स्पष्ट होते की गोतसभा ही आजच्या अर्थाने निव्वळ मध्यस्थी नव्हती. ती समजावीसही करी आणि निवाडाही देई. परंतु निवाड्याच्या आधी राजीनामा आणि नंतर यजितखत, अशी संमती तिने दोन्ही टोकांना लेखी बांधून घेतली होती.

१८१९ च्या आपल्या अहवालात एल्फिन्स्टनने पंचायतीचे गुण आणि दोष दोन्ही नोंदविले. लोकांचा तिच्यावरील विश्वास त्याने मान्य केला; तिची दिरंगाई आणि अंमलबजावणीतील दुर्बळता हीही त्याच्या नजरेतून सुटली नाही. १८२७ च्या नियमसंग्रहानंतर दिवाणी न्यायालयांचे महत्त्व वाढत गेले आणि गोतसभेचे स्थान क्रमाने गौण झाले.

याच काळातील 'राजीनामा' शब्दाचा प्रवास उद्बोधक आहे. 'राजी असल्याचा लेख' हा त्याचा मूळ अर्थ. रयतवारी पद्धतीत जमीन सोडणारा राजीनामा देई आणि ती घेणारा कबुलायत लिहून देई. पुढे पद सोडण्याच्या पत्रालाही तोच शब्द रूढ झाला. अशा रीतीने संमतिवाचक शब्द त्यागवाचक झाला. हा अर्थबदल महसुली व कार्यालयीन व्यवहारातून घडला, हे खरे. तथापि जुन्या राजीनाम्यातही काही सोडून देणे अनुस्यूत होतेच. ज्याला गावाबाहेर घर नाही, जातीत ज्याचे स्थान खालचे आहे, त्याची संमती कितपत मुक्त होती? वाळीत पडण्याचे भय हा अशा संमतीमागील अलिखित जामीन होता.

हा प्रश्न केवळ पुराणवस्तुसंशोधकाचा नाही. महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. संसदेने २०२३ साली केलेल्या मध्यस्थी कायद्यात वस्तीतील शांततेला बाधा आणणाऱ्या वादांसाठी सामुदायिक मध्यस्थीची तरतूद आहे. तीत उभय पक्षांची पूर्वसंमती आवश्यक असून झालेली तडजोड न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे अंमलात आणता येत नाही. दुसरीकडे, सामाजिक बहिष्काराविरुद्ध राज्याला २०१६ चा अधिनियम करावा लागला. हे कायदे एकत्र वाचले असता गोतसभेचा वारसा दुहेरी असल्याचे दिसते. सहवासामुळे तडजोडीला बळ येते. त्याच सहवासातून दडपणही जन्मते. म्हणून मध्यस्थीचे मूल्यमापन किती तंटे मिटले एवढ्यावरच न करता, नकार देणाऱ्याला त्याच वस्तीत निर्भयपणे राहता आले की नाही, यावरही केले पाहिजे.