महाजालावरचे बिऱ्हाड

नसरापूरच्या बनेश्वर मंदिरात एक मोठी घंटा आहे. मंदिर नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली बांधविलेले. घंटेवर मात्र क्रूस आणि १६८३ हे साल कोरलेले. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत, १७३९ साली, ती पोर्तुगीजांकडून आली असे मानले जाते. घंटेचे घर बदलले, तिचा नाद ऐकणारे बदलले. तरी तिच्यावरचा आकडा आजही वाचता येतो. वस्तू हलली ती आपल्या अक्षरांसकट हलली. महाजालावर लिहू लागलेल्या मराठी माणसाला हे भाग्य सहजासहजी लाभले नाही. आपल्या अंकासाठी होस्टिंगची पहिली योजना घेऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला तो इतिहास ठाऊक असावा, एवढाच या टिपणाचा हेतू.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमामार्फत. संकेतस्थळ म्हणजे अखेर कुठल्यातरी संगणकावर ठेवलेल्या फायलीच. तो संगणक अहोरात्र चालू आणि जोडलेला हवा. म्हणून जागा दुसऱ्याची घ्यावी लागते. हेच होस्टिंग. ‘होस्ट’ला ‘यजमान’ हा प्रतिशब्द सुचविला जातो. पण आपल्याकडे यजमान दक्षिणा देतो, येथे तो घेतो. तेव्हा नेमका शब्द घरमालक, आणि आपण बिऱ्हाडकरू.

पहिली बिऱ्हाडे फुकटची होती. १९९४ साली अमेरिकेत सुरू झालेल्या जिओसिटीजने पानांना गल्ल्यांप्रमाणे पत्ते दिले. साहित्य, शिक्षण आणि तत्त्वज्ञान यांच्या वस्तीचे नाव होते ‘अथेन्स’. मराठी हौशी मंडळींची पानेही अशाच फुकट जागांवर उभी राहिली. १९९९ साली याहूने जिओसिटीज विकत घेतली. त्याच वर्षी पानांवरील मजकूर वापरण्याचे व्यापक हक्क कंपनीकडे घेणारी अट पुढे आली आणि सभासदांच्या निषेधानंतर ती बदलावी लागली. लेखकाच्या हक्काचा प्रश्न असा भाडेकराराच्या बारीक अक्षरांत दडलेला असतो. पुढे २६ ऑक्टोबर २००९ रोजी ही वस्तीच बंद झाली. काही स्वयंसेवकांनी धावपळ करून बरीच पाने उतरवून घेतली; सारी वाचली नाहीत.

मराठीच्या वाट्याला याहून वेगळी एक हानी आली. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती. पण घरगुती संगणकावर ती सुखाने दिसू लागली ती विंडोज २००० नंतर. तोवर रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेले निरनिराळे फॉन्ट चालत. वाचकाकडे नेमका तोच फॉन्ट नसेल, तर कवितेच्या जागी रोमन अक्षरांचा निरर्थक रांगोळा उमटे. म्हणजे त्या काळचे पान जपले गेले, तरी वाचता येईलच असे नाही. घर राहिले, पण किल्ली हरवली.

छापील नियतकालिकांशी तुलना करून पाहावी. ‘शब्द’ १९५४ साली चक्रमुद्रित रूपात निघाले. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडले. दोहोंपाशी मोठे भांडवल नव्हते, तरी त्यांचे अंक अभ्यासकाला आजही धुंडाळता येतात, कारण प्रती अनेक घरांत आणि ग्रंथालयांत विखुरल्या होत्या. संकेतस्थळाची मूळ प्रत मात्र एकाच खोलीत असते. भाडे थकले की खोली रिकामी होते. १९९६ पासून चालत आलेली ‘मायबोली’ टिकली, त्यामागे ही खोली वर्षानुवर्षे सांभाळण्याचे न दिसणारे कष्ट आहेत.

आज नसरापुरात बसून, मोबाईलवरून, अर्ध्या तासात होस्टिंग घेता येते. नवख्याची नजर जागा किती आणि पैसे किती यांवरच जाते. इतिहास मात्र चार वेगळे प्रश्न विचारावयास शिकवतो. पत्ता, म्हणजे डोमेन, कोणाच्या नावे नोंदला आहे? तो संस्थेच्या वा संपादकाच्या नावे असावा. संकेतस्थळ बांधून देणाऱ्याच्या नव्हे. पत्ता आपला असला, की घरमालक बदलला तरी वाचक हरवत नाही. २०१४ पासून तर ‘.भारत’ हा देवनागरी पत्ताही घेता येतो. दुसरा प्रश्न: नूतनीकरणाचा दर काय? पहिल्या वर्षाची सवलत पुढे बहुधा राहत नाही, आणि मुदत उलटून गेलेला पत्ता कालांतराने कोणीही घेऊ शकतो. तिसरा प्रश्न लिपीचा. मायएसक्यूएल या प्रचलित विदागाराची मूळ मांडणी २०१८ च्या आठव्या आवृत्तीपर्यंत युरोपीय अक्षरांची होती. मांडणी बदलून न घेतल्यास मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग साठत असे. म्हणून पहिल्याच दिवशी एक जोडाक्षरांचा परिच्छेद साठवून, परत उघडून पाहावा. चौथा प्रश्न: सर्व मजकूर एकगठ्ठा उतरवून घेता येतो काय?

यांतील शेवटचा प्रश्न आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. स्वस्त जागा घेण्यात काही कमीपणा नाही. मराठी वाङ्मयाचा पुष्कळसा भाग भाड्याच्या खोल्यांतच लिहिला गेला. पण त्या लेखकांनी खोली सोडताना हस्तलिखिते बरोबर नेली. प्रत्येक अंकाची एक प्रत आपल्यापाशी, एक ग्रंथालयात आणि एक कागदावर ठेवणारा संपादक घरमालकाच्या मर्जीवर राहत नाही. योजना निवडण्याआधी ही सवय लावून घ्यावी.